भीड घरी ठेवा: मित्रांच्या गटाने हिमालय ट्रेक कसा आखावा

हिमाचलात मनालीजवळ हम्प्टा पास, म्हणजे हम्प्टाची खिंड आहे. तिच्या वाटेवर बालू का घेरा नावाची कॅम्पसाइट आहे. उंची साधारण ३६०० मीटर. तिथे रात्री जेवताना आमच्यातल्या एकाने स्वतःच्या ताटातला भात हळूच शेजारच्याच्या ताटात सारला. "दुपारचंच पोटात आहे रे." दुपारी त्याने नुसता चहा घेतला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन वाजल्यापासून डोकं ठणकतंय आणि तंबूमागे जाऊन दोनदा ओकून आलाय. मग बोलला का नाहीस? तर म्हणे, "माझ्यापायी तुमचा पास बुडायला नको."

रात्रभर दोघांनी आळीपाळीने त्याच्यावर लक्ष ठेवलं. उजाडताच एक मित्र आणि गाइडचा मदतनीस त्याला घेऊन खाली उतरले. पायथ्याच्या जोबऱ्याला पोचता पोचता त्याने स्वतःहून पराठा मागितला. एवढ्यावर निभावलं. पण तेव्हापासून माझं ठाम मत आहे की अनोळखी लोकांच्या बॅचपेक्षा जिवलग मित्रांचा गट हिमालयात जास्त सांभाळून न्यावा लागतो. अनोळखी माणूस "मला झेपत नाहीये" असं बिनदिक्कत सांगून टाकतो. मित्र भिडेपोटी गप्प बसतो. खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं ही भीड मोडण्यासाठीच आहे.

आधी माणसं, मग ट्रेक

व्हॉट्सॲप ग्रुप निघाला की पहिल्या दिवशी वीस जण "मी पक्का" म्हणतात. वाद न घालता तारीख जाहीर करा आणि आगाऊ रक्कम मागा. आठवड्याभरात सहा-आठ जण उरतात आणि तेवढेच हवे असतात. सहा-आठ जण तीन-चार तंबूंत मावतात, एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतात, आणि एकाला खाली न्यायची वेळ आली तरी ट्रेक मोडत नाही. बाराच्या वर गेलात तर सरळ दोन गट करा.

मग एक बैठक घ्या, शक्यतो समोरासमोर. तिथे प्रत्येकाने सांगायचं की तो कशासाठी येतोय. हा प्रश्न हसण्यावारी जातो, पण नेमका तोच नंतर डोकं वर काढतो. एकाला माथा गाठायचाच असतो, दुसऱ्याला फोटो काढत रमायचं असतं, तिसरा ऑफिसपासून पळून आलेला असतो. हे आधी बोललं गेलं नाही तर तिसऱ्या दिवशी चढावर भांडण होतं.

दुसरा विषय तब्येतीचा. दमा, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, जुनं गुडघेदुखीचं दुखणं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रोजच्या गोळ्या. चारचौघांत सांगायला लाजतात, म्हणून आम्ही प्रत्येकाकडून बंद चिठ्ठी घेतो. ती लीडरकडे राहते आणि ट्रेक संपला की फाडून टाकतो.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे जोड्या लावणं. प्रत्येकाला एक जोडीदार. जोडीदार नीट जेवतोय का, पाणी पितोय का, लघवीला जातोय का, बडबड्या माणूस अचानक गप्प झालाय का, हे पाहायचं काम दुसऱ्याचं. आणि एकाला खाली उतरावं लागलं तर दुसरा त्याच्यासोबत जाणार. हे घरी बसून, नावानिशी ठरवायचं. डोंगरावर "कोण जाणार?" असं विचारलं की सगळे बुटांकडे बघतात. (नवरा-बायकोची जोडी मात्र लावू नका. एकमेकांचं ऐकत नाहीत, असा आजवरचा अनुभव.)

लीडर निवडताना सगळ्यात तगडा गडी शोधू नका. ज्याला थोडा वेळ सगळ्यांचा राग सहन करता येतो, असा माणूस हवा. "आज इथेच थांबायचं" हे त्याला सांगावं लागणार असतं. आणि गाइडचा शब्द लीडरच्याही वर, हेही त्याच बैठकीत कबूल करून घ्या.

कोणता ट्रेक, कोणत्या महिन्यात

गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसाला झेपेल तो ट्रेक निवडायचा. बाकीचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

पहिल्यांदाच जाणारे जास्त असतील आणि बर्फ बघायचं असेल तर डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तराखंडातलं केदारकंठा. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत दिवसभराच्या प्रवासाने सांकरी गाव येतं, तिथून चढाई सुरू. माथा सुमारे ३८०० मीटर. त्याच सांकरीच्या बाजूला हर की दून आहे, सुमारे ३५६० मीटरवरचं खोरं. गंगाड, ओसला अशी लाकडी घरांची गावं वाटेत लागतात आणि समोर स्वर्गारोहिणी. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. चालणं लांबलचक पण चढ सोसवणारा. मिश्र वयाच्या गटाला मी डोळे झाकून हाच सुचवतो.

मे महिन्यात हिमाचलात पार्वती खोऱ्यातला सार पास असतो. उंची चार हजार दोनशे मीटरच्या आसपास आणि बर्फावरून बसून घसरत उतरायची मजा.

पावसाळ्याचं गणित वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडात दरडी कोसळत असतात, तरी फुलांची दरी बघायची तर हेच दिवस. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जूनला उघडते, ३१ ऑक्टोबरला बंद होते. आत मुक्काम करता येत नाही, घांघरियाला राहून दिवसभरात जाऊन यायचं. काश्मीर ग्रेट लेक्स, म्हणजे काश्मीरमधल्या उंचावरच्या तलावांचा ट्रेक, जुलै ते सप्टेंबर. हम्प्टा पास जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. हिरव्यागार कुल्लू खोऱ्यातून चढायचं आणि खिंड ओलांडली की पलीकडे लाहौलचा उघडाबोडका, कोरडा मुलूख. एका दिवसात देश बदलल्यासारखं वाटतं. पण मनालीला पोचायचा रस्ता पावसाळ्यात भरवशाचा नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने तो ठिकठिकाणी गिळला होता.

स्वच्छ आकाश आणि लांबवरची शिखरं हवी असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पश्चिम बंगालमधल्या संदकफूवरून (३६३६ मीटर) कांचनजंगा आणि एव्हरेस्ट दोन्ही दिसतात ते याच दिवसांत.

उत्तराखंडातलं रूपकुंड तळं अजून कुणाच्या यादीत असेल तर एक लक्षात घ्या. त्या वाटेवरचे मुक्काम बुग्याळांवर असायचे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. तुमच्या ट्रेकचा कॅम्प बुग्याळावर दाखवला असेल तर आयोजकाला विचारा की तंबू नक्की कुठे लागणार आणि परवानगी कोणाची आहे.

उंचीचं गणित कागदावर मांडा

वैद्यकीय सल्ला साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर चढून या, मोजायचं ते झोपण्याच्या जागेचं.

हम्प्टाचाच हिशेब करू. मनाली सुमारे २०५० मीटर. पहिला मुक्काम चिका, सुमारे ३१०० मीटर. दुसरा बालू का घेरा, ३६००. तिसऱ्या दिवशी खिंड ४२७० मीटर, आणि उतरून शिया गोरूला मुक्काम, सुमारे ३९००. चिका ते बालू ५०० आणि बालू ते शिया गोरू ३००, हे नियमात बसतं. गडबड पहिल्याच उडीत आहे, मनाली ते चिका एकदम हजार मीटर. आदल्या दिवशी समुद्रसपाटीवरून निघालेल्या माणसाला ती भोवते. म्हणून रात्रभराच्या बसने येऊन सकाळी मनालीत उतरायचं आणि त्याच दिवशी चढायला लागायचं, असा कार्यक्रम असेल तर तो नाकारा. मनालीत एक पूर्ण दिवस आणि एक जादा रात्र घ्या. तो "वाया गेलेला दिवस" आहे म्हणून गटात कोणीतरी बोलणारच.

आमच्या मित्राचंही तेच झालं होतं. आम्ही ती जादा रात्र वाचवली होती.

दुसरी गोष्ट, खिंडीचा ट्रेक आणि माथ्याचा ट्रेक यांत फरक आहे. केदारकंठ्याला कुठूनही मागे फिरलात तरी वाट खालीच जाते. खिंड ओलांडल्यावर मात्र परतीच्या वाटेवर तीच खिंड आडवी येते. त्यामुळे खिंडीच्या आदल्या रात्री प्रत्येकाने जोडीदारासमोर खरं बोलायचं, हा आमच्याकडे आता नियमच आहे.

विमानाने लेहला उतरणार असाल तर तुम्ही थेट ३५०० मीटरवर पोचता. पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं. शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा चढायच्या नाहीत.

आयोजक की आपला आपला गाइड

तीन वाटा आहेत. मोठ्या आयोजकाच्या ठरलेल्या बॅचमध्ये सगळ्यांनी नाव नोंदवायचं, ही सोपी. युवा वसतिगृह संघटनेचे राष्ट्रीय ट्रेकही याच प्रकारचे, स्वस्त आणि शिस्तीचे. दुसरी, पायथ्याच्या गावातला गाइड, आचारी, खेचरं असा लवाजमा फक्त आपल्या गटासाठी ठरवायचा. तिसरी, सगळं स्वतः पाठीवर घेऊन जायचं. ती ज्यांना जमते त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

मित्रांच्या गटाला मला दुसरी वाट आवडते, कारण दिवस पुढे-मागे करता येतात. पण ठरवण्याआधी फोनवर हे विचाराच: गाइडने प्रथमोपचाराचं आणि गिर्यारोहणाचं प्रशिक्षण कुठे घेतलंय? (उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था असं उत्तर आलं तर बरं.) प्राणवायूचं सिलिंडर सोबत असतं का, आणि किती? गटातला एक आजारी पडला तर त्याच्यासोबत तुमच्यातला कोण उतरणार? वनखात्याचा परवाना पैशांत धरलाय का? झोपायच्या पिशव्या किती थंडीच्या आहेत? शेवटच्या प्रश्नावर "एकदम मस्त हैं, टेन्शन मत लो" असं उत्तर आलं की समजा, पिशव्या पातळ आहेत.

ओझेवाल्यांबद्दलही विचारा. एकाच्या पाठीवर किती किलो देणार, त्याच्या पायात बूट आहेत का, रात्री झोपायला तंबू आहे का. आपण चार थर घालून कुडकुडत असताना तो चपलेवर बर्फातून चाललेला असला तर लाज आपल्याला वाटायला हवी. टिप शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर, प्रत्येकाच्या हातात द्या. एकट्या गाइडकडे गठ्ठा सोपवला की वाटणी कशी होते ते कळत नाही.

पैसा: टीटीएमएम चालत नाही

शहरातल्या हॉटेलात तुझे तू माझे मी ठीक आहे. डोंगरात चहाच्या टपरीवर आठ जण आठ पाकिटं उघडत बसले तर अर्धा तास जातो. सुरुवातीलाच प्रत्येकाकडून सारखी काँट्री काढा आणि एक खजिनदार नेमा. तोच सगळीकडे पैसे देणार, रात्री पाच मिनिटांत हिशेब वाचून दाखवणार. पुरोल्याच्या पुढे किंवा मनाली सोडल्यावर रोकडच लागते. नोटा दोघांच्या सॅकमध्ये वाटून ठेवा.

आणखी एक ठराव आधीच करा. मध्येच उतरणाऱ्याचा आणि त्याच्या जोडीदाराचा जादा खर्च, म्हणजे गाडी, हॉटेल, दवाखाना, सगळ्यांच्या काँट्रीतून जाणार. हे ठरलेलं असलं की आजारी माणूस पैशाच्या विचाराने गप्प बसत नाही. विमा काढणार असाल तर कागद शेवटपर्यंत वाचा. कित्येक पॉलिसींत ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका वगळलेली असते.

तिकिटं आणि राखीव दिवस

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. गटाचं तिकीट एकाच्या नावावर काढा पण पैसे आधी घ्या. परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका. मधे एक संपूर्ण दिवस मोकळा सोडा, पावसाळ्यात दोन. वापरावा नाही लागला तर डेहराडूनला नाहीतर मनालीत कपडे वाळवत बसा.

ओळखपत्राच्या छापील प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला प्रत्येकाने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. काश्मीर-लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. उपग्रह फोन कोणी "नेऊ या का" म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. परवानगीशिवाय तो भारतात वापरणं बेकायदा आहे आणि त्यापायी पोलीस ठाण्यात दिवस जातो.

दोन-अडीच महिन्यांची तयारी

आठवड्यातून चार दिवस धावा किंवा भरभर चाला. पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत न धापता होऊ लागले की पाया झाला. त्यावर पायऱ्या. आठ-दहा किलोची सॅक पाठीवर घेऊन इमारतीचे जिने चढा आणि उतरासुद्धा. गुडघे उतरताना जातात.

सह्याद्रीत राहणाऱ्यांचं नशीब थोर. कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड यांपैकी निदान दोन ट्रेक संपूर्ण गटाने एकत्र करा, त्याच बुटांत, त्याच सॅकसह. तब्येतीइतकंच त्यात माणूसही कळतो. कोण सकाळी उठत नाही, कोण पुढे पळतो, कोणाला भूक लागली की चिडचिड होते. एकाने तर सरावाच्या ट्रेकवरच "मी हिमालयात येत नाही" असं सांगितलं. त्याचं आम्हाला फार कौतुक वाटलं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. दमसास उत्तम असलेल्याला उंचीचा त्रास होत नाही, असं अजिबात नाही. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, म्हणजे मनालीपेक्षाही खाली. ४२७० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास साठ टक्केच असतो. मॅरेथॉनवालाही तिथे आडवा होऊ शकतो, आणि तोच जास्त भरभर चढतो म्हणून आधी होतो.

सॅकमध्ये काय

याद्या सगळीकडे मिळतात, मी फक्त जिथे लोक चुकतात तेवढं सांगतो.

बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत. अर्धा नंबर मोठे घ्या, उतरताना अंगठा पुढे आदळतो. आदल्या दिवशी पायाची नखं कापा. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा. घामाने भिजलेलं सुती कापड वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. आत लवकर वाळणारा थर, मधे फ्लीस, थांबल्यावर घालायला डाऊन जॅकेट, सगळ्यावर पॉन्चो. सॅकचं बाहेरचं रेनकव्हर पुरत नाही. आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं त्यात भरा. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, आणि कितीही मोह झाला तरी ते घालून चालायचं नाही.

बर्फावर काळा चष्मा सतत लागतो, ढग असले तरी. डोळे भाजले की दुसऱ्या दिवशी उघडवत नाहीत. हेडलॅम्प प्रत्येकाचा वेगळा. पॉवरबँक आणि मोबाईल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी उतरते.

खाऊ वाटून आणा, नाहीतर आठही जण चिवडाच आणतात. उंचावर भूक मरते, तेव्हा शेंगदाण्याची चिक्की, गूळ, खजूर, लिमलेटच्या गोळ्या पोटात जातात. आमच्याकडे एक जण दरवेळी लसणाची चटणी आणतो. तिसऱ्या दिवशीच्या खिचडीला त्या चटणीने जो जीव येतो त्याला तोड नाही.

औषधांची पेटी गटाची एक, पण यादी डॉक्टरांना दाखवून केलेली. पॅरासिटामॉल, ओआरएस, उलटी-जुलाबाच्या गोळ्या, जंतुनाशक, क्रेप बँडेज, चिकटपट्टी. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, घ्यायचं की नाही हे प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं. त्रास टाळण्यासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, म्हणून घरीच एक दिवस घेऊन बघितलेली बरी.

चालताना

सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला निघायचं, हे सहा-सात-आठचं वेळापत्रक जवळजवळ सगळेच गाइड पाळतात. दुपारनंतर हवा बिघडते, म्हणून दोन-तीनपर्यंत तंबू गाठायचा. खिंडीच्या किंवा माथ्याच्या दिवशी त्याहून खूप आधी, कधी रात्री दोन-तीनलाच.

पुढे लीड, शेवटी बॅकलीड. बॅकलीडच्या मागे कोणीही राहणार नाही, शौचाला थांबलेला माणूससुद्धा. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला लीडच्या पाठोपाठ, दुसऱ्या नंबरवर घाला. शेवटी ठेवला की तो सतत गाठायच्या धडपडीत असतो. वर, तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला बसायलाच मिळत नाही. चढताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. वाक्य तुटायला लागलं की हळू व्हा.

टाचेला चटका बसल्यासारखा वाटला की तिथल्या तिथे थांबा. बूट काढा, पाय कोरडा करा, त्या जागेवर चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा, मोजा ताणून घाला. चार मिनिटांचं काम आहे. "कॅम्पवर बघू" म्हणालात तर कॅम्पवर लिंबाएवढा फोड बघायला मिळतो.

ओढे सकाळी ओलांडायचे. दिवस चढतो तसं वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं. सकाळी पोटरीभर असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत येतो. सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. अनवाणी जाऊ नका, सँडल घाला. तोंड वरच्या बाजूला, जिकडून पाणी येतं तिकडे. काठी पुढे रोवायची, मग एक पाय, तो टेकला की दुसरा. पाणी इतकं गार असतं की पलीकडे पोचल्यावर पाय आपले वाटत नाहीत. पुसून लगेच लोकरीचे मोजे.

उंचीचा त्रास: इथे कोणाचीही भीड नाही

रोज संध्याकाळी चहाच्या वेळी लीडरने एकेकाला नाव घेऊन विचारायचं. "सगळे ठीक ना?" असं मोघम विचारलं की सगळे "हो" म्हणतात. डोकं दुखतंय का? मळमळ? भूक? काल झोप लागली? चक्कर? शून्य ते तीन गुण द्यायला सांगा. आकडा सांगताना माणूस कमी लाजतो.

२५०० मीटरच्या वर डोकं दुखत असेल आणि जोडीला मळमळ, थकवा किंवा गरगरणं असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. त्रास सौम्य असेल तर त्याच उंचीवर थांबा, पाणी, हलकं जेवण, विश्रांती. पूर्ण बरं वाटल्याशिवाय एक पाऊलही वर नाही. वाढत असेल तर खाली. डायमॉक्स घेऊन चढत राहायचं, हा शहाणपणा नाही.

मेंदूला सूज येतेय का, हे तंबूबाहेर दोन मिनिटांत बघता येतं. सपाट जागेवर सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत दहा-बारा पावलं चालायला सांगा. आधी स्वतः चालून दाखवा, म्हणजे तुलना होते. तोल जात असेल, बडबड असंबद्ध होत असेल, तंबूची चेन उघडता येत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही. फुफ्फुसात पाणी होण्याची खूण वेगळी, बसल्याजागी धाप, ओला खोकला, ओठ निळसर, कधी गुलाबी फेसाळ थुंकी. दोन्हींत औषध एकच, ताबडतोब खाली, रात्र असली तरी, निदान पाचशे ते हजार मीटर, आणि प्राणवायू असेल तर तो लावून. आजारी माणसाला एकट्याने कधीही पाठवू नका. झोपेची गोळी देऊ नका. दारू तर ट्रेक संपेपर्यंत कोणालाच नाही.

ऑक्सिमीटर असू द्या, पण आकड्यावर भांडू नका. गार बोटांवर तो काहीही दाखवतो. बोटं काखेत गरम करून मग लावा, आणि आकड्यापेक्षा चेहऱ्याकडे बघा.

कॅम्पवर

पोचल्या पोचल्या तंबूत आडवं व्हायचं नाही. कपडे बदला, टोपी घाला, अर्धा तास आसपास फिरा, जमलं तर शंभरेक मीटर वर चढून परत या. दिवसभरात तीन-चार लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडतंय.

टॉयलेट टेंट म्हणजे एक खड्डा आणि भोवती कापड. गेल्यावर माती टाका. ओले टिश्यू खड्ड्यात टाकू नका, ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. मुलींनी सॅनिटरी पॅड आणि ते परत आणायला काळी, घट्ट बंद होणारी पिशवी ठेवावी. उंचीने आणि श्रमाने पाळी पुढे-मागे होते, म्हणून तारीख नसली तरी ठेवाच. हे बैठकीतच मोकळेपणाने बोललेलं असलं की डोंगरावर कोणाला अवघडायला होत नाही. चिक्कीच्या कागदापासून सगळा कचरा खाली आणायचा, ते काम रोज एका जोडीकडे.

परतीच्या वाटेवर

हम्प्टा संपवून छत्रूला किंवा केदारकंठ्याहून सांकरीला उतरलात की मोबाईलला रेंज शोधत सगळे पांगतात. त्याआधी गाइड, आचारी, खेचरवाले यांचे पैसे आणि टिप चुकती करा, भाड्याने घेतलेलं सामान मोजून परत द्या. काँट्रीचा शेवटचा हिशेब गाडीतच करा, घरी पोचल्यावर कोणी उत्तर देत नाही. उरलेले पैसे वाटून टाका किंवा पुढच्या ट्रेकसाठी ठेवा, पण ठरवा.

घरी आल्यावर डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, आणि छोट्या पिशवीत कोंबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल भरा. पिसं दबली की ऊब जाते. औषधांच्या पेटीतल्या वापरलेल्या गोळ्या लिहून ठेवा. पुढच्या वेळी ती यादी उपयोगी पडते. आमच्या पेटीत दरवेळी सगळ्यात आधी चिकटपट्टी संपते.